येशू आणि ईसा: भांडण नेमकं कशावरून?

नोव्हेंबर २०२५मध्ये पोप लिओ चौदावे तुर्कस्तानातल्या इझनिक नावाच्या गावी गेले. तिथल्या तळ्याच्या काठाशी एका प्राचीन चर्चचे दगडी पाये आहेत. त्या अवशेषांपाशी उभं राहून निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या प्रमुखांनी मिळून आपल्या श्रद्धेची एक जुनी कबुली म्हटली. इझनिक म्हणजे जुनं निकिया. ३२५ साली इथेच बिशपांची परिषद भरली, ‘येशू नेमका कोण?’ यावर कडाक्याचा वाद झाला आणि त्या कबुलीचा पहिला मसुदा ठरला. आज त्या गावातली जवळपास सगळी माणसं मुसलमान आहेत.

अशी बातमी वाचली की एक प्रश्न हमखास पडतो. मुसलमानही येशूला मानतात ना? मग वाद कशाचा? यावरचं नेहमीचं उत्तर एका ओळीचं असतं: ख्रिस्ती त्याला देव मानतात, मुसलमान पैगंबर मानतात. हे उत्तर चूक नाही, पण त्याने काही कळतही नाही. जणू एकाच माणसाच्या हुद्द्यावरून दोन कचेऱ्यांत मतभेद आहेत आणि कागदपत्रं तपासली की प्रश्न मिटेल! मला वाटतं, हा वाद येशूबद्दलचा दिसतो, पण मुळात तो देवाबद्दलचा आहे. देव माणसापर्यंत पोचतो तो कसा? आणि माणसाचं असं बिघडलंय तरी काय, की देवाला पोचावं लागावं? या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी निघाली, म्हणून येशूही वेगळा झाला.

## आधी जुळतं काय ते पाहू

इस्लामी परंपरेत एक प्रसंग सांगतात. साधारण ६१५ साली मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान समुद्र ओलांडून ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे, गेले. तिथला राजा, नजाशी, ख्रिस्ती. मागोमाग मक्केचे दूत नजराणे घेऊन हजर: आमची पळालेली माणसं परत द्या. राजाने दोन्ही बाजू ऐकायचं ठरवलं. मुसलमानांच्या वतीने जाफर बिन अबू तालिब पुढे आले आणि त्यांनी कुराणातली मरियमची सूरह, म्हणजे तो अध्याय, म्हणून दाखवला. ऐकता ऐकता राजाची दाढी भिजली म्हणतात. दूत हार मानणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजाचे कान भरले: येशूबद्दल हे लोक काय भयंकर बोलतात ते विचारा तरी. राजाने विचारलं. जाफर म्हणाले, ते अल्लाहचे दास, त्याचे प्रेषित, आणि कुमारी मरियमकडे टाकलेला त्याचा शब्द. राजाने जमिनीवरची एक काडी उचलली आणि म्हणाला, तू सांगितलंस त्याहून मरियमचा मुलगा या काडीएवढाही वेगळा नाही. भोवतालच्या सरदारांनी मात्र नाकं मुरडली.

राजा आणि सरदार, दोघांचंही बरोबर होतं असं मला वाटतं. जुळणाऱ्या गोष्टी खरोखरच खूप आहेत. कुराणात ईसांचं, म्हणजे येशूचं, नाव सुमारे २५ वेळा येतं. नावाने उल्लेख असलेली कुराणातली एकमेव स्त्री म्हणजे मरियम. ईसांचा जन्म पित्याविना झाला, त्यांनी आंधळ्यांना दृष्टी दिली, कुष्ठरोगी बरे केले, मेलेल्यांना उठवलं, ते ‘मसीह’, म्हणजे ख्रिस्त, आहेत, हे सगळं कुराण सांगतं. बायबलमध्ये नसलेले प्रसंगही त्यात आहेत. मरियमला खजुराच्या झाडाखाली कळा येतात. लोक तिच्या चारित्र्यावर बोट ठेवतात, तेव्हा पाळण्यातलं बाळच बोलू लागतं आणि आईची बाजू मांडतं. मातीचा पक्षी करून ईसा त्यात फुंकर घालतात आणि अल्लाहच्या आज्ञेने तो उडतो. पक्ष्याची ही गोष्ट बायबलबाहेरच्या काही जुन्या ख्रिस्ती कथांतही सापडते.

फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावरही ईसांच्या नावावर एक वचन कोरलंय: जग हा पूल आहे, त्यावरून जा, त्यावर घर बांधू नका. एवढा अवाढव्य दरवाजा बांधून त्यावरच हे कोरायचं, याला धाडस लागतं.

## ‘शब्द’ एकच, अर्थ दोन

जाफर ‘शब्द’ म्हणाले, कारण कुराण (४:१७१, म्हणजे चौथ्या सूरहमधली १७१वी आयत किंवा वचन) ईसांना अल्लाहचा ‘शब्द’ म्हणतं. आता बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाची, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या कथेची, सुरुवात पाहा: ‘प्रारंभी शब्द होता.’ पुढे हाच शब्द देव आहे असं म्हटलंय आणि तो ‘देही झाला’ असंही. दोन्ही ग्रंथांत शब्द एकच. आठव्या शतकात दमास्कसच्या योहान नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने यावरच बोट ठेवलं होतं. त्याचं घराणं उमय्या खलिफांच्या खजिन्याचा कारभार पाहणारं, त्यामुळे इस्लाम त्याने जवळून पाहिला होता. त्याचा मुद्दा असा: देवाचा शब्द देवापासून वेगळा काढता येतो का? नसेल, तर येशूला देव म्हटलं म्हणून बिघडलं कुठे?

मुसलमानांचं उत्तर तितकंच स्वच्छ आहे. ‘शब्द’ म्हणजे ‘कुन’, ‘हो’, ही आज्ञा. अल्लाह ‘हो’ म्हणाला आणि ईसा झाले. कुराणात (३:५९) त्यासाठी आदमचा दाखला आहे: त्याला तर बाप नव्हता आणि आईही नव्हती, तरी त्याला कुणी देव म्हणत नाही. म्हणजे ईसा शब्दामुळे घडले, ते स्वतः तो अनादी शब्द नव्हेत.

मग देवाचा अनादी शब्द इस्लाममध्ये कुठे आहे? कुराणात. म्हणून ख्रिस्ती येशूची तुलना मुहम्मद पैगंबरांशी करणं मुळातच चुकतं. ती कुराणाशी करायला हवी. एका श्रद्धेत देवाचं बोलणं माणूस होऊन आलं, दुसरीत पठण होऊन. एकीत निरोप हाच निरोप्या आहे, दुसरीत निरोप्या कितीही थोर असला तरी निरोप त्याच्याहून मोठा.

ही तुलना आधुनिक अभ्यासकांची हौस वाटेल, पण ती जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये वाद पेटला: कुराण निर्माण केलेलं की अनादी? खलिफा मामून ‘निर्माण केलेलं’ या पक्षाचा. ८३३ साली त्याने काझी आणि विद्वानांची सक्तीने तपासणी सुरू केली. त्याचा एक युक्तिवाद असा होता की कुराणाला अनादी म्हणणारे ख्रिस्त्यांसारखंच बोलतात, कारण येशू देवाचा शब्द म्हणून निर्माण केलेला नाही, असं तेही म्हणतात. इमाम अहमद बिन हंबल यांनी तुरुंग आणि पुढच्या खलिफाचे फटके सोसले, पण ते मागे हटले नाहीत. शेवटी सुन्नी जगात त्यांचंच मत टिकलं.

## ‘पुत्र’ म्हणजे देवाला मूल झालं का?

या एका शब्दाने जेवढा घोळ घातलाय तेवढा दुसऱ्या कशाने घातला नसेल. कुराण बजावतं: अल्लाहने कुणाला जन्म दिला नाही आणि तो कुणापासून जन्मला नाही (११२:३). दुसरीकडे विचारतं: त्याला सहचरीच नाही, तर मूल कुठून असेल (६:१०१)? मक्केत तेव्हा लात, उझ्झा, मनात या देवींना अल्लाहच्या मुली मानत, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

यावर ख्रिस्ती धर्मपंडित म्हणेल, अहो, शारीरिक जन्म आम्हीही मानत नाही. आणि ते खरंच आहे. मराठीत ‘भूमिपुत्र’ म्हटलं म्हणून जमिनीला बाळ झालं असं कुणी समजत नाही. अरबीतही ‘वलद’ म्हणजे पोटचं मूल, तर ‘इब्न’ हा शब्द ऐसपैस आहे. कुराणातच वाटसरूला ‘इब्न अस-सबील’, म्हणजे वाटेचा मुलगा, म्हटलंय. अरबी भाषक ख्रिस्ती येशूसाठी ‘इब्न’ वापरतात, तर कुराणातली टीका बहुतेक ठिकाणी ‘वलद’ शब्दावर आहे.

मग सगळा गैरसमजच होता, असं म्हणून हात झटकावेत का? इथेच बरेच समन्वयवादी घसरतात. ख्रिस्ती ‘पुत्र’ म्हणताना नुसती उपमा देत नसतात. त्यांचं म्हणणं, पित्याचं जे सत्त्व तेच पुत्राचं. तो घडवलेला नाही. गैरसमज दूर केल्यावर मुसलमानांना हा दावा स्पष्ट दिसतो आणि जास्तच खटकतो. कारण ‘तौहीद’, म्हणजे देवाचं निखळ एकत्व, हा इस्लामचा कणा आहे. त्या एकत्वात कुणालाही भागीदार करणं म्हणजे ‘शिर्क’, सगळ्यात मोठं पाप.

या फरकाची छोटी खूण आपल्या मराठीतही दिसते. मराठी बायबलमध्ये ‘येशू म्हणाला’ असतं, एकवचनी. मराठी बोलणारे मुसलमान ‘हजरत ईसा म्हणाले’ म्हणतात. एकवचनी उल्लेख करणारा अनादर करत नसतो. आपण देवाला ‘तू’ म्हणतो आणि गुरुजींना ‘तुम्ही’, तसंच हे आहे.

## एक अधिक एक अधिक एक, तीनच ना?

त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, यावरचा हा सगळ्यात जुना आक्षेप. कुराणही ‘तीन म्हणू नका’ असं सांगतं (४:१७१).

ख्रिस्ती उत्तर समजायला मराठीतले दोन साधे प्रश्न पुरतात: ‘काय?’ आणि ‘कोण?’ खिडकीतल्या दगडाला ‘हे काय?’ विचारता येतं, ‘हा कोण?’ विचारता येत नाही. तिथे काय आहे, कोण नाही. तुमच्याबाबत दोन्ही प्रश्न लागू होतात: काय, तर माणूस, कोण, तर तुमचं जे नाव असेल ते. म्हणजे एक काय, एक कोण. देवाच्या ठिकाणी काय एकच आहे आणि कोण तीन, असं ख्रिस्ती म्हणतात. तीन देव आणि एक देव असं म्हटलं असतं तर तो उघड विरोध होता. एक सत्त्व, तीन व्यक्ती हे गूढ आहे, पण त्यात बेरीज चुकलेली नाही.

पाणी, बर्फ आणि वाफ हे उदाहरण मात्र देऊ नये. एकच पाणी आळीपाळीने तीन रूपं घेतं. देवही तशीच आळीपाळीने तीन रूपं घेतो, हे मत चर्चने फार पूर्वीच चूक ठरवलंय. ७८१च्या सुमारास बगदादमध्ये खलिफा महदी आणि पूर्वेकडच्या चर्चचे प्रमुख तिमथी यांची याच विषयावर दोन दिवस चर्चा झाली. तिमथींनी सूर्य, त्याचा प्रकाश आणि त्याची ऊब यांची उपमा दिली. उपमा चांगली आहे, पण प्रकाश आणि ऊब कुणाशी बोलत नाहीत, आणि बायबलमधला पुत्र पित्याशी बोलतो. इथे प्रत्येक उपमा थोडं अंतर सोबत येते आणि मग साथ सोडते.

मुसलमान विचारवंताचा खरा आक्षेप बेरजेवर नसतोच. तो विचारतो, इतकं अवघड सत्य देवाने आधीच्या एकाही नबीला, म्हणजे पैगंबराला, उघड सांगितलं नाही, हे कसं? या प्रश्नात जोर आहे. ख्रिस्ती उत्तर असं की सांगून कळण्यासारखी ही गोष्ट नव्हती. येशू आला, मेला, उठला, आणि मग शिष्यांना मागे वळून पाहताना ती उमगली. हे पटणं न पटणं अर्थातच येशू उठला यावर विश्वास आहे की नाही, त्यावर अवलंबून.

कुराणात (५:११६) अल्लाह ईसांना विचारतो: मला आणि माझ्या आईला देव माना, असं तू लोकांना सांगितलंस का? यावरून कुराणाने त्रैक्यात मरियमला धरलं, असा आरोप होतो. पण त्या आयतीत ‘तीन’ हा शब्द नाही. मरियमची अती भक्ती करणाऱ्यांना तो टोला असू शकतो. चौथ्या शतकातल्या एका बिशपने मरियमला पोळ्यांचा नैवेद्य दाखवणाऱ्या एका पंथाची नोंद केली आहे.

## निकियात मतदान घेऊन देव ठरवला का?

समाजमाध्यमांवर हे वाक्य दरवर्षी फिरतं. ते अर्धंही खरं नाही. सम्राट कॉन्स्टंटाईनने परिषद बोलावली, सुमारे ३०० बिशप जमले, हे खरं. पण येशूची उपासना करायची का, हा तिथे प्रश्नच नव्हता. ती आधीपासून चालू होती. ११२च्या सुमारास रोमन अधिकारी धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजनला कळवलं होतं की हे लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून स्तोत्रं गातात. त्याच्याही आधीच्या, पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाच्या पत्रांत येशूसाठी वापरलेली भाषा पाहिली, तर तिथेही तो केवळ गुरू नाही.

निकियातला वाद बारीक होता. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत होता, पुत्र थोर आहे, सृष्टीच्या आधीचा आहे, पण एक वेळ अशी होती की तो नव्हता. परिषदेने उत्तर दिलं: पुत्र पित्याशी ‘एकाच सत्त्वाचा’ आहे. पुढे काहींनी ‘सारख्या सत्त्वाचा’ अशी तडजोड सुचवली. ग्रीकमध्ये दोन शब्दांत एका अक्षराचा फरक, आपल्याकडच्या काना-मात्रेएवढा. त्यावरून बिशप हद्दपार झाले.

काही मुसलमान लेखक एरियसला आपल्या बाजूचा मानतात. त्यात फारसं तथ्य नाही. सृष्टीच्या आधीपासून असलेला, सृष्टी घडवणारा पुत्र इस्लामला एरियसच्या मापातही चालणार नाही.

पुढे ४५१ साली खाल्केदोनच्या परिषदेने येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, व्यक्ती एक, स्वभाव दोन, असं ठरवलं. यालाच ‘देहधारण’ म्हणतात. मराठी वाचकाला इथे चटकन ‘अवतार’ आठवतो आणि फसगत होते. अवतार पुन्हा पुन्हा होतात, कार्य संपलं की अवतारही संपतो. देहधारण एकदाच, आणि कायमचं. ख्रिस्ती श्रद्धेत येशू आजही माणूस आहे.

## येशू स्वतः ‘मी देव आहे’ असं कुठे म्हणाला?

या शब्दांत कुठेच नाही. उलट मार्कच्या शुभवर्तमानात तो म्हणतो, मला उत्तम का म्हणतोस, देवावाचून कुणी उत्तम नाही. शेवटचा दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, असंही तिथेच म्हणतो. योहानात तो म्हणतो, पिता माझ्याहून थोर आहे. मुसलमान ही वचनं पुढे करतात ती उगाच नाही.

ख्रिस्ती दुसरी पानं उघडतात. मार्कमध्ये येशू एका पक्षाघाती माणसाला म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. शेजारी बसलेले शास्त्री मनात म्हणतात, देवाशिवाय हे कोण करू शकतं? योहानात तो अब्राहामाच्याही आधी आपण असल्याचं सांगतो आणि ऐकणारे दगड उचलतात. थोमा नावाचा शिष्य त्याला ‘माझ्या देवा’ म्हणतो, आणि येशू त्याला थांबवत नाही. पहिल्या प्रकारची वचनं येशूच्या माणूसपणाची आणि दुसरी देवपणाची, असा ख्रिस्ती उलगडा आहे. मुसलमानाला तो सोयीचा वाटतो. वचन कोणत्या खणात टाकायचं, हे आधीच ठरवलंय असं तो म्हणणार. इतिहासकारांमध्येही यावर एकमत नाही, कारण योहानाचं शुभवर्तमान चारांत उशिराचं मानलं जातं आणि सगळ्यात ठाशीव वचनं त्यातलीच आहेत.

## क्रूसावर कोण होतं?

इथे फरक काडीएवढा राहत नाही, चांगलाच मोठा होतो. कुराणातली आयत (४:१५७) म्हणते: त्यांनी त्याला मारलं नाही, क्रूसावरही चढवलं नाही, पण त्यांना तसं भासवलं गेलं. पुढची आयत सांगते की अल्लाहने त्याला स्वतःकडे उचलून घेतलं.

‘भासवलं गेलं’ याचा अर्थ काय? अरबीत हे मोजके दोन शब्द आहेत, आणि त्यांवर शतकानुशतकं लिहिलं गेलंय. सर्वांत रुजलेलं मत असं की दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा ईसांसारखा झाला आणि तो मारला गेला. कुणी म्हणतं स्वतःहून पुढे आलेला शिष्य, कुणी म्हणतं दगाबाज यहूदा. बाराव्या शतकातले मोठे भाष्यकार फख्रुद्दीन राझी यांनी याच मताच्या अडचणी मांडल्या: एकाचा चेहरा दुसऱ्याला मिळू लागला, तर समोरचा माणूस तोच आहे याची खात्री कुणी कशी द्यावी? दहाव्या शतकातल्या बसऱ्याच्या ‘इख्वान अस-सफा’ या विचारवंतांनी ईसांचा देह क्रूसावर गेल्याचं मानलं होतं. अहमदिया पंथाच्या मते ते क्रूसावर बेशुद्ध पडले, वाचले, आणि काश्मीरमध्ये वारले. श्रीनगरचं रोझाबल हे थडगं ते याच्याशी जोडतात. बहुसंख्य मुसलमानांना हे मान्य नाही.

ही आयत कुणाला उद्देशून आहे, तेही पाहायला हवं. ‘आम्ही मसीहाला मारलं’ अशी फुशारकी मारणाऱ्यांना ते उत्तर आहे. तुमच्या हातात काही नव्हतं, असा तिचा रोख. पण नबीची अशी विटंबना अल्लाह होऊच देत नाही, असं सरसकट म्हणता येत नाही, कारण काही नबी मारले गेल्याचं कुराणच सांगतं.

इतिहासकाराला विचाराल तर येशूला रोमन सुभेदार पंतय पिलातच्या काळात क्रूसावर मारलं, ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत पक्की बाब आहे असं तो सांगेल. रोमन इतिहासकार टॅसिटस त्या देहदंडाचा उल्लेख करतो, आणि तो ख्रिस्त्यांचा हितचिंतक मुळीच नव्हता. श्रद्धावान मुसलमानाचं यावर म्हणणं: पाहणाऱ्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं, आणि पाहिलं तोच तर भास होता. इतिहासाच्या साधनांनी हे खोडताही येत नाही आणि सिद्धही करता येत नाही.

## क्रूस नसला तर अडतं कुठे?

पौलाने करिंथ इथल्या मंडळीला लिहिलं: ख्रिस्त उठला नसेल, तर तुमचा विश्वास निष्फळ. इतकी जोखीम का? कारण दोन धर्मांचं माणसाबद्दलचं निदानच वेगळं आहे.

इस्लामच्या नजरेत माणूस वाट विसरणारा प्रवासी आहे. त्याचा मूळ स्वभाव चांगला, पण तो विसराळू, दुबळा. त्याला चौकाचौकात पाटी हवी. नबी ही पाटी लावतात. सांगतात, इकडे वळ. ईसा त्यांतलेच एक थोर नबी. आदमने चूक केली, पश्चात्ताप केला, अल्लाहने माफ केलं (२:३७), विषय संपला. कुणीही दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही, हे कुराण पुन्हा पुन्हा सांगतं.

ख्रिस्ती नजरेत माणूस विहिरीत पडलाय आणि त्याचा पाय मोडलाय. काठावर कितीही चांगली पाटी लावा, तो वर येऊ शकत नाही. कुणीतरी आत उतरायला हवं. हे उतरणं म्हणजे देहधारण, आणि त्याला खांद्यावर घेऊन वर आणणं म्हणजे ‘तारण’. पडण्याचा दोष आदामाकडून वारशाने येतो की फक्त त्याचे परिणाम येतात, यावर पश्चिमेकडच्या आणि पूर्वेकडच्या चर्चमध्ये मतभेद आहेत. विहीर मात्र दोघांनाही मान्य.

मुसलमान म्हणेल, मी विहिरीत नाहीच आहे! आणि निरपराध माणसाला दुसऱ्यांच्या पापासाठी मारणं हा कुठला न्याय? आक्षेप रास्त आहे, आणि येशू नुसता माणूस असेल तर ख्रिस्त्यांनाही तो मान्य करावा लागेल. त्यांचं उत्तर असं की तिथे तिऱ्हाईताला शिक्षा झालीच नाही. ज्याला देणं द्यायचं होतं, त्या देवानेच ते स्वतः फेडलं. म्हणजे क्रूस टिकायला देवपण लागतं, आणि देवाने खाली येण्याला कारण म्हणून क्रूस लागतो.

यापुढचा प्रश्न: अल्लाह दयाळू आहे, तो नुसता ‘माफ केलं’ म्हणू शकत नाही का? इस्लाम म्हणतो, अर्थातच शकतो, त्याला मोबदला कशाला? ख्रिस्ती म्हणतो, उसने दिलेले पैसे तुम्ही सोडून देता तेव्हा ते नाहीसे होत नाहीत, तुमच्या खिशातून जातात. क्षमा करणाऱ्याला ती नेहमीच भोवते, आणि क्रूस म्हणजे देवाने ती झळ स्वतः सोसणं. मला या वादातली ही सगळ्यात खरी जागा वाटते. एकाला देवाचं मोठेपण तो कशानेही न डागाळण्यात दिसतं, दुसऱ्याला ते त्याने स्वतःला डाग लावून घेण्यात.

## इंजील एक की चार?

कुराण सांगतं, ईसांना ‘इंजील’ मिळाली. ती अल्लाहकडून आलेली किताब. ख्रिस्त्यांकडे आहेत ती चार शुभवर्तमानं, चार जणांनी येशूबद्दल लिहिलेली. त्यांच्या लेखी शुभवर्तमान म्हणजे येशूला मिळालेलं पुस्तक नाही, येशू हीच शुभवार्ता. म्हणून ‘तुमची मूळ इंजील हरवली’ असं मुसलमान म्हणतो, तेव्हा ख्रिस्त्याला प्रश्नच कळत नाही. ‘बर्णबाचं शुभवर्तमान’ म्हणून एक मजकूर अधूनमधून पुरावा म्हणून फिरतो. अभ्यासक तो मध्ययुगाच्या अखेरीचा मानतात, आणि त्यात मुहम्मद पैगंबरांनाच मसीह म्हटलंय, म्हणजे तो कुराणाशीही जुळत नाही.

## मग देव तरी एकच का?

अरबी भाषक ख्रिस्ती प्रार्थनेत ‘अल्लाह’च म्हणतात, तेव्हा नावाचा प्रश्न नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटलं की मुसलमान एकाच देवाची उपासना करतात, आणि येशूला देव मानत नसले तरी नबी म्हणून मान देतात. २००७ साली १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना खुलं पत्र लिहून देवावरचं आणि शेजाऱ्यावरचं प्रेम ही समान भूमी मांडली. ‘कोणाची उपासना’ यावर बरेच जण एकमत होऊ शकतात. ‘तो कसा आहे’ म्हटलं की पुन्हा इझनिकचं तळं.

## पुन्हा येणार, दोघांच्याही मते

येशू परत येणार, हे दोन्ही धर्म मानतात. ख्रिस्ती श्रद्धेत तो न्याय करायला येईल. हदीसनुसार, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांनुसार, ईसा दमास्कसच्या पूर्वेला पांढऱ्या मनोऱ्यापाशी उतरतील, दज्जालचा, म्हणजे शेवटच्या काळातल्या महाठकाचा, नाश करतील आणि क्रूस मोडतील. दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या एका मनोऱ्याला आजही ईसांचा मनोरा म्हणतात. त्यानंतर ते सामान्य माणसासारखे मरण पावतील. मदिनेत मुहम्मद पैगंबरांच्या कबरीशेजारी त्यांच्यासाठी एक जागा मोकळी आहे, असं परंपरा सांगते.

दुसरी रिकामी कबर जेरुसलेममध्ये आहे. तो उठला म्हणून ती रिकामी, असं ख्रिस्ती मानतात. तिच्यावरच्या चर्चमध्ये कोणत्या पंथाने कुठे झाडायचं यावरूनही भांडणं झाली आहेत. त्या चर्चच्या दाराची किल्ली आणि ते उघडण्याचं काम शतकानुशतकं दोन मुस्लिम घराण्यांकडे आहे. रोज पहाटे त्यांच्यातला माणूस येतो, शिडी लावून वरचं कुलूप काढतो आणि यात्रेकरूंना आत सोडतो. त्याच्या श्रद्धेनुसार त्या कबरीत ईसांना कधी ठेवलेलंच नव्हतं.